टरफलातली शेंग आणि यीस्टमधलं एन्झाईम : असं रिएजंट आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल का?

काचपट्टी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब चालवते, चौदा वर्षं झाली. दोन खोल्या, एक सेमी ऑटो अ‍ॅनालायझर, एक सेंट्रिफ्यूज आणि एक घरगुती फ्रिज. येणारे बहुतेक जण यंत्रमागावरचे कामगार, आणि विड्या वळणाऱ्या बायका तर खूपच.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहितेय. रात्री अकराला लाइट गेली ती सकाळी आठला आली. फ्रिज उघडला तर आतला बर्फ वितळून खाली पाणी. शुगरच्या रिएजंटची बाटली हाताला कोमट लागली, रंग जरा गुलाबीसर होता. बाहेर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली, मी तशीच कामाला लागले. स्टँडर्ड (साखर किती ते आधीच ठाऊक असलेलं द्रावण) लावलं नाही, मशीनमध्ये कालचा फॅक्टर (रंगावरून आकडा काढायचा गुणक) होता तोच वापरला. एक मावशी आहेत, दर महिन्याला येतात, त्यांची उपाशीपोटीची शुगर कायम २८० ते ३२० असते. त्या दिवशी आली १७६. मावशी इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या गोळी लागू पडली बघ. रिपोर्ट घेऊन जिना उतरायला लागल्या आणि माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. अंगठ्याला पट्टी होती, तीच जी मागच्या महिन्यात होती. मी वरून हाक मारली, बसवलं, नवी बाटली फोडली, स्टँडर्ड लावलं, तेच सीरम परत चालवलं. ३१२.

त्या जिन्यावरून खाली गेल्या असत्या तर? डॉक्टरांनी गोळी कमी केली असती.

तेव्हापासून एन्झाईम टिकवण्याबद्दल जे मिळेल ते वाचतेय. त्यात एक गोष्ट सापडली की तपासणीची एन्झाईमं यीस्टच्या स्पोअरच्या (बीजाणूच्या) कवचात भरून ठेवतात म्हणजे ती उष्णतेत आणि कोरड्यात जास्त टिकतात. वाचून बरं वाटलं पण समजलं अर्धंच. कवच इतकं घट्ट की एन्झाईम बाहेर पडत नाही, मग साखर आत कशी जाते? आणि हे माझ्यासारख्या लॅबला कधी उपयोगी पडेल का? कुणी यातलं असेल तर सविस्तर सांगा.

हुरडापार्टी

वाचतेय. मावशींची गोष्ट वाचून काटा आला अंगावर.

उजनीकाठ

ताई, मी वीस वर्षं लॅबची मशीन दुरुस्त करतोय, सोलापूर, लातूर, धाराशिव सगळीकडे फिरतो. एक सांगू का, राग मानू नका. नऊ तासात शुगरचं रिएजंट एवढं मरत नाही. बऱ्याच किटवर तर बाहेरच्या तापमानाला इतके दिवस चालेल असं लिहिलेलंच असतं. तुमची बाटली आधीपासून खंगत आलेली असणार आणि त्या रात्री लाइट गेल्यामुळे फक्त उघडकीस आली. बाटली कधी फोडली होती? दिवसभर टेबलावर असायची का? टेबल खिडकीजवळ आहे का?

काचपट्टी

राग कसला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोडली होती. सकाळी आठ ते दोन टेबलावरच असायची. आणि हो, टेबल खिडकीजवळ आहे, मे महिन्यात नऊनंतर त्यावर ऊन येतं. तुम्ही विचारेपर्यंत हे एकत्र जोडून पाहिलंच नव्हतं मी.

उजनीकाठ

मग झालं. ऊन, उष्णता, दारं उघडझाप आणि वर जुना फॅक्टर. त्याच बाटलीबरोबर त्याच सकाळी १०० चं स्टँडर्ड लावलं असतं तर ते पण कमी आलं असतं आणि तुम्ही थांबला असता. तरी सुद्धा १०० चं स्टँडर्ड ३०० च्या वर काय चाललंय ते सांगत नाही, त्यासाठी वरचा कंट्रोल, म्हणजे जास्त साखरेचा, आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, लावायलाच पाहिजे. मी प्रत्येक लॅबमध्ये हे सांगतो. महाग पडतो म्हणून बरेच जण टाळतात.

माळढोक

ताई, उशिरा आलो. मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात यीस्टवरच काम करतो. जमेल तसं सांगतो, लांबेल जरा.

आधी तुमच्या बाटलीत काय होतं ते. त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरोक्सिडेज अशी दोन एन्झाईमं. पहिलं साखरेवर हवेतला ऑक्सिजन वापरून काम करतं, त्यातून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. दुसरं ते पेरॉक्साइड वापरून फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरिन यांची जोडी लावतं, त्याचा लालसर रंग येतो, तोच तुम्ही ५०५ नॅनोमीटरला वाचता. एन्झाईम म्हणजे प्रोटीनची घडी. घडी उष्णतेने सुटली, किंवा दुसऱ्या कशाने कुरतडली की काम बंद. ती घडी टिकवायची कशी, सगळा प्रश्न तिथेच.

आता यीस्ट. आपण पावात घालतो तेच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. याला नायट्रोजन मिळेना आणि चांगली साखरही मिळेना, अ‍ॅसिटेटसारख्या हलक्या अन्नावर दिवस काढायची वेळ आली, की पेशी वाढणं थांबवते आणि आतल्या आत चार स्पोअर बनवते. चारी एकाच जुन्या पेशीच्या पिशवीत. प्रत्येक स्पोअरभोवती चार थरांची भिंत असते. आतून बाहेर मोजायचं तर मॅनन, मग ग्लुकन, मग कायटोसान आणि सगळ्यात बाहेर डायटायरोसिन. आतले दोन थर साध्या यीस्टमध्ये पण असतात. बाहेरचे दोन फक्त स्पोअरला, आणि खरी ताकद त्यांचीच.

ही भिंत दोन पडद्यांच्या मधल्या फटीत बांधली जाते. पेशी त्या काळात जे प्रोटीन बाहेर टाकते ते बाहेर न जाता त्याच फटीत पडतं. म्हणजे यीस्टला आपल्याला हव्या त्या एन्झाईमचा जीन दिला, त्याला 'बाहेर टाक' असा पत्ता लावला आणि मग उपाशी ठेवलं, की एन्झाईम आपोआप भिंतीत अडकतं. बाहेरून काही भरावं लागत नाही. भरणारा आणि डबा एकच.

साखर आत कशी जाते याचं उत्तर आकारात आहे. ग्लुकोजचा रेणुभार १८०. ग्लुकोज ऑक्सिडेजचा सुमारे १,६०,०००. जवळजवळ ९०० पट. ती जाळी छोट्याला सोडते, मोठ्याला अडवते. आणि याचा पुरावा यीस्ट स्वतःच देतं, कारण स्पोअरला साखर दिली की तो उगवायला लागतो. साखर आत पोचत नसती तर त्याला कळलं कसं असतं?

कडक_भाकरी

आता समजलं बे. म्हणजे शेंग हाय ही. टरफलातली शेंग वर्षभर पोत्यात ऱ्हाते, दाणे काढून ठेवले की दोन महिन्यात खवट. आमच्या आईला हे विज्ञान आधीपासून ठाऊक हाय, चटणीला लागतील तेवढ्याच फोडती ती.

माळढोक

अगदी बरोबर पकडलंत. आणि कधी कधी एका टरफलात चार दाणे निघतात तसे एका पिशवीत चार स्पोअर. फक्त एक फरक, आपलं एन्झाईम दाण्याच्या गरात नाही, दाण्याच्या सालीत आहे, कारण प्रत्येक स्पोअरला स्वतःची भिंत असते.

कडक_भाकरी

आणि कडक भाकरीचं काय वो? ती पण टिकती की दोन-दोन महिने.

माळढोक

ती टिकते कारण तिच्यात पाणी नाही. तेही इथे लागू आहे. पाणी काढून टाकलं की घडी हलत नाही, घडी हलली नाही की सुटत नाही. स्पोअरमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर साठलेली असते, ती वाळताना प्रोटीनला पाण्याच्या जागी धरून ठेवते. किट बनवणारे पण एन्झाईम सुकवताना बाहेरून ट्रेहॅलोज, सुक्रोज असं घालतात. यीस्ट ते स्वतःसाठी आधीच साठवतं.

खडूफळा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या मुलांना दरवर्षी एक प्रयोग दाखवतो, चंचुपात्रात हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यायचं, त्यात चमचाभर कोमट पाण्यात कालवलेलं यीस्ट टाकायचं, फसफसून फेस वर येतो, मुलं ओरडतात. कॅटलेज नावाचं एन्झाईम पेरॉक्साइड फोडतं म्हणून ऑक्सिजन सुटतो.

मग माझी शंका अशी की तुमचं ग्लुकोज ऑक्सिडेज त्याच यीस्टच्या कवचात बसून पेरॉक्साइड तयार करणार, आणि शेजारीच यीस्टचं स्वतःचं कॅटलेज ते खाऊन टाकणार. रंग यायचा कुठून? शुगर कमीच दिसेल ना? ताईंची परत तीच अडचण, फक्त कारण वेगळं.

माळढोक

सर, ही शंका फार मोलाची आहे, आमच्या ग्रुपमध्ये चर्चेला घेऊन जाणार आहे.

यीस्टमध्ये दोन कॅटलेज आहेत, एक पेरॉक्सिझोममधलं (पेशीतल्या एका छोट्या पिशवीतलं) आणि एक पेशीद्रवातलं. दोन्ही आतल्या पडद्याच्या आत, आपलं एन्झाईम त्या पडद्याच्या बाहेर भिंतीत. पण पेरॉक्साइडचा रेणू लहान, तो आत पण जाणार आणि बाहेर पण जाणार, तेव्हा चोरी होणारच. दोन मार्ग दिसतात. एक, दोन्ही कॅटलेजचे जीन काढून टाकलेलं यीस्ट वापरायचं, असं यीस्ट प्रयोगशाळेत करता येतं आणि ते जगतं. दुसरं, पेरोक्सिडेज पण त्याच भिंतीत शेजारी बसवायचं म्हणजे पेरॉक्साइड तयार झाल्या झाल्या तिथेच वापरलं जाईल. दोन्ही एकदम केलं तर उत्तम.

सातरस्ता

फिजिशियन आहे, सात रस्त्याजवळ दवाखाना. काचपट्टी, तुम्ही त्या मावशींना जिन्यावरून परत बोलावलंत, त्याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. आमच्याकडे येणारा कागद हा आमचा डोळा असतो. १७६ आलं की मी शाबासकी देतो, ३१२ आलं की पाय तपासतो.

माझा प्रश्न वेगळा. शुगर लहान रेणू म्हणून ठीक. युरिया, युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन हेही लहान. पण कोलेस्टेरॉलचं काय? ते रक्तात मोकळं फिरत नाही, लिपोप्रोटीनच्या गोळ्यात बसलेलं असतं. तो गोळा या जाळीतून जाणार नाही असं वाटतं.

माळढोक

नाही जाणार डॉक्टर. एलडीएलचा गोळा वीस नॅनोमीटरच्या आसपास, तो बाहेरच राहील. आत्ताच्या किटमध्ये पण डिटर्जंट घालून तो गोळा आधी फोडतातच, पण कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, मग ते भिंतीपर्यंत आणि भिंतीतून नेणं त्रासाचं. तिथे मी या पद्धतीच्या वाटेला जाणार नाही. क्रिएटिनिन मात्र छान उमेदवार वाटतो. त्याच्या एन्झाईमच्या पद्धतीत साखळी आहे, क्रिएटिनिनेज, क्रिएटिनेज, सार्कोसिन ऑक्सिडेज आणि शेवटी पुन्हा पेरोक्सिडेज. चार एन्झाईमं महाग, आणि चारातलं एक जरी दमलं तरी साखळी तुटते. अशांना कवच दिलं तर फायदा जास्त.

काचपट्टी

क्रिएटिनिन मी अजून जाफेच्या पद्धतीनेच करते, पिक्रिक अ‍ॅसिड आणि अल्कली. एन्झाईमचं किट एकदा आणलं होतं, दर बघून परत मागवलं नाही.

सातरस्ता

जाफेची पद्धत १८८६ ची आहे, अजून जगभर चालते. पण शुगर फार वाढलेली असेल किंवा शरीरात कीटोन असतील तर ती पिक्रेटबरोबर रंग देतात आणि क्रिएटिनिन खोटं वाढलेलं दिसू शकतं. म्हणजे नेमक्या मधुमेहवाल्यांच्याच किडनीच्या रिपोर्टमध्ये घोळ. म्हणून स्वस्त आणि टिकाऊ एन्झाईम किट यावं ही माझी पण इच्छा आहे.

चादरवाला

रच्याकने, हे पेरोक्सिडेज हॉर्सरॅडिशपासून काढतात असं किटच्या माहितीपत्रकात वाचलंय. हॉर्सरॅडिश म्हणजे शेवगाच ना? मग आपल्या जिल्ह्यात शेवग्याची शेती कितीतरी आहे, इथेच कारखाना काढायला काय हरकत?

खडूफळा

नाही हो. शेवग्याला इंग्रजीत हॉर्सरॅडिश ट्री म्हणतात म्हणून घोटाळा होतो. शेवग्याच्या मुळीला तसाच झणझणीत वास येतो, म्हणून ते नाव पडलं. खरं हॉर्सरॅडिश वेगळं, ते मोहरीच्या कुळातलं थंड हवेतलं रोप, त्याच्या जाड मुळापासून हे एन्झाईम काढतात.

चादरवाला

असं होय. आमचा कारखाना गेला म्हणायचा.

माळढोक

पेरोक्सिडेज शेवग्यात पण असतं, बहुतेक झाडांत असतं. पण तपासणीसाठी नावाजलेलं आहे ते त्या मुळीचंच.

शेंगाचटणी

मी लॅबची नाही, एका मधुमेही बाईची मुलगी आहे. आई एकटी सोलापुरात, मी पुण्यात. रोज सकाळी ग्लुकोमीटरवर बघून मला फोनवर आकडा सांगते. मागच्या ऑगस्टमध्ये आकडे वेडेवाकडे यायला लागले, एका बोटाला १४०, पाच मिनिटांनी २१०. मी घाबरून हुतात्मा एक्सप्रेस पकडून आले. पाहते तर आईने पट्ट्यांची बाटली 'मोठी आहे, पर्समध्ये मावत नाही' म्हणून पट्ट्या काढून सुपारीच्या छोट्या डबीत घातलेल्या. डबीचं झाकण सैल. डबीत बडीशेपेचे दोन दाणे पण होते.

त्या पट्ट्यांवर पण एन्झाईमच असतं का? आणि ही स्पोअरवाली गोष्ट पट्ट्यांना लागू होईल का?

उजनीकाठ

पट्टीवर एन्झाईमच. बाटलीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारं द्रव्य असतं, म्हणून ते झाकण टक्क असा आवाज होईपर्यंत दाबायचं असतं. आपल्याकडे लोकांना वाटतं मे महिना वाईट, पण पट्टीला ऑगस्ट-सप्टेंबर पण वाईट, ओल लागते. आणि फ्रिजमध्ये पण ठेवू नका, थंड बाटली बाहेर काढून उघडली की आत घाम धरतो. बहुतेक पट्ट्यांवर ४ ते ३० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे स्वयंपाकघर मे महिन्यात ३० च्या खाली कधी असतं सांगा. घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा.

माळढोक

लागू होईल का? माझ्या मते पट्टीवर आणि कागदावरच जास्त लागू होईल. थोडा इतिहास सांगतो. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाईम आणि इलेक्ट्रोड जोडायची कल्पना मांडली. १९६५ मध्ये डेक्स्ट्रोस्टिक्स ही कागदाची पट्टी आली, रक्ताचा थेंब टाकायचा, धुवायचा, रंग जुळवायचा. म्हणजे कोरडं एन्झाईम कागदावर ठेवणं हे साठ वर्षं जुनं काम आहे. स्पोअर तिथे नवं काय आणतात, तर एन्झाईमला स्वतःची भिंत. रक्तातले, हातावरचे, डबीतले प्रोटीन कुरतडणारे इतर एन्झाईम आत शिरू शकत नाहीत.

उजनीकाठ

ते ठीक आहे, पण ताईंच्या बाटलीत हे घालून चालणार नाही असं मला वाटतं. स्पोअर म्हणजे कणच ना. दोन-तीन मायक्रॉनचे कण द्रवात तरंगले की तो गढूळ होतो, प्रकाश विखुरतो, कलरीमीटरला तो रंगासारखाच दिसतो. ब्लँक, म्हणजे नमुना न घालता घेतलेला आकडा, आभाळाला जाईल. आणि खाली बसले की वरच्या थरात एन्झाईमच नाही. पिपेटने दरवेळी वेगळं घेतलं जाईल.

माळढोक

पूर्ण सहमत. म्हणूनच वर कागदावर म्हणालो. द्रवात वापरायचं तर शेवटी फिरवून कण खाली बसवायचे आणि वरचं स्वच्छ पाणी वाचायचं. ताईंकडे सेंट्रिफ्यूज आहेच. पण दहा मिनिटांच्या टेस्टला आणखी पाच मिनिटं. फायदा एवढाच की खाली बसलेले स्पोअर धुऊन परत वापरता येतात, द्रवातलं एन्झाईम एकदा वापरलं की गेलं.

अजून एक मर्यादा. साखरेला भिंत ओलांडायला वेळ लागतो, म्हणून तेवढंच एन्झाईम मोकळं असताना जितकं भरभर चालेल तितकं भिंतीत चालत नाही. त्यावर एक उपाय असा की सगळ्यात बाहेरचा डायटायरोसिनचा थर नसलेलं यीस्ट वापरायचं. त्याची जाळी सैल, मोठे रेणू पण जातात. पण सैल जाळी म्हणजे मोठं एन्झाईम थोडं गळण्याचा धोका. कुठला थर ठेवायचा, कुठला काढायचा, हे प्रत्येक एन्झाईमला वेगळं ठरवावं लागतं.

हुरडापार्टी

मला एक भीती वाटते, विचारू का. हे स्पोअर जिवंत असतात ना? वर तुम्हीच म्हणालात साखर दिली की उगवतात. मग आईच्या पट्टीवर रक्तातल्या साखरेने यीस्ट उगवायला लागलं तर? आणि ते जीन बदललेलं यीस्ट पट्टीबरोबर कचऱ्यात जाणार, तिथून कुठे जाणार?

माळढोक

पहिल्या भागाचं उत्तर सोपं. उगवायला काही तास लागतात, टेस्ट दहा मिनिटांची किंवा पाच सेकंदांची. दुसरा भाग गंभीर आहे आणि मी तो हलका करणार नाही. जनुक बदललेले सूक्ष्मजीव वापरायचे तर आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम आहेत, त्याखाली परवानग्या लागतात आणि लागायलाच पाहिजेत. स्पोअर मारून वापरायचे तर अडचण अशी की उष्णतेने मारायला गेलं तर ज्याला वाचवतोय ते एन्झाईम पण मरेल. म्हणून असं यीस्ट निवडायचं की ज्याला एखादं खास अन्न बाहेरून दिल्याशिवाय वाढताच येत नाही. ते कचऱ्यात गेलं तरी उपाशी.

सातरस्ता

हुरडापार्टी, प्रश्न अगदी योग्य विचारलात.

खडूफळा

एक गंमत सांगतो, धाग्याला धरूनच आहे. एन्झाईम हा शब्दच मुळी ग्रीकमधला, त्याचा अर्थ 'यीस्टमध्ये'. क्यून नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो दिला. नंतर १८९७ मध्ये बुखनरने यीस्ट वाळूत घोटून, पिळून, पेशी नसलेला रस काढला आणि त्या रसात साखर टाकली तरी ती आंबली. जिवंत पेशी लागत नाही, आतलं रसायन पुरे, हे त्याने दाखवलं, १९०७ चं नोबेल मिळालं. त्याने एन्झाईम यीस्टच्या बाहेर काढलं आणि माळढोक मंडळी ते पुन्हा यीस्टमध्ये ठेवायला निघालीत.

शेंगाचटणी

खडूफळा सर, हे मी आज आईला फोनवर सांगणार!

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. बीएस्सीला मायक्रो आहे. आम्ही दुकानातलं कोरडं यीस्ट आणून स्पोअर करायचा प्रयत्न केला होता, पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या प्लेटवर पाच दिवस ठेवलं, काहीच दिसलं नाही. आमचं काय चुकलं?

माळढोक

बहुतेक तुमचं चुकलं नाही, यीस्टची जात चुकली. बेकरीचं यीस्ट वर्षानुवर्षं फुगण्यासाठी निवडलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच जातींचे गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी तीन-चार किंवा विषम असतात, ते स्पोअर नीट करत नाहीत. विद्यापीठातल्या संग्रहातून दोन संचाची प्रयोगशाळेतली जात मागून घ्या. आधी भरपूर अन्न देऊन वाढवा, मग धुऊन अ‍ॅसिटेटवर. तीन ते पाच दिवसांनी स्लाइडवर पातळ थर पसरून वाळवा, मॅलाकाइट ग्रीन ओतून खालून वाफ द्या, पाण्याने धुवा, मग सॅफ्रॅनिन. साध्या पेशी लालसर दिसतील आणि त्यात मधेच हिरवे ठिपके चार-चारच्या घोळक्याने, कधी चौकटीच्या पानासारखे, कधी तिनावर एक. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी अर्धा तास डोळा काढला नव्हता. आणि अतिनील प्रकाशाचा मायक्रोस्कोप असेल तर डाय न घालताच कडा निळ्या चमकतात, तो डायटायरोसिन.

कडक_भाकरी

ते समदं खरं, पण ताईंनी इचारलेलं ऱ्हायलं की. त्यांच्या लॅबला आज काय?

माळढोक

बरोबर. खरं सांगायचं तर आज ताईंच्या कपाटात ठेवायला मी काही देऊ शकत नाही. माझ्या डोळ्यासमोर जे आहे ते बाटली नाही, कार्ड आहे. कागदाच्या चौकोनात वाळवलेले स्पोअर, एकात शुगर, एकात क्रिएटिनिन, एकात युरिक अ‍ॅसिड, पाकीटबंद, फ्रिज नको. त्यासाठी जो निकष लावायचा तो पण मी ताईंकडूनच शिकलो, ४२ अंशाच्या खोलीत तीन महिने ठेवून मग ३०० ची शुगर ३०० येते का. १०० ची १०० येते का हे नाही.

उजनीकाठ

तोपर्यंतचं मी सांगतो. बाटली आली की त्याच दिवशी आठ-दहा छोट्या काळ्या बाटल्यांत वाटून टाका, रोज एकच बाहेर. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात मागे ठेवा. थर्मोकोलच्या पेटीत चार आईस पॅक कायम तयार, लाइट गेली की सगळं त्यात, पण रिएजंट आणि पॅकच्या मधे पुठ्ठा घाला, गोठलं तर ते पण वाया. सर्वात जास्त आणि सर्वात कमी तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर मिळतो, तो फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे रात्री काय झालं ते सकाळी समजतं. टेबल खिडकीपासून हलवा.

काचपट्टी

टेबल काल हलवलं. भिंतीपासून सिंक लांब पडतं पण जमेल. थर्मामीटर आणला, पहिल्याच रात्रीचा आकडा १४ निघाला, लाइट गेलेली नसताना. दाराचं रबर गेलंय, मिस्त्री उद्या येणार.

आणि आता रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी वरचा कंट्रोल लावते. वहीत तारखेसमोर लिहिते. महाग पडतो हे खरं, पण मी त्याची पण छोट्या ट्यूबमध्ये वाटणी करून फ्रीझरला टाकते, महिना निघतो. बाहेर बसलेल्या बायका विचारतात पहिली सुई कुणाला, मी म्हणते आधी मशीनची शुगर बघायची मग तुमची. मावशींनी पण विचारलं. त्यांना सगळं सांगितलं, त्या दिवशी चूक माझी होती हे पण सांगितलं. अंगठ्याची पट्टी अजून आहे पण जखम सुकत आलीय, परवाची शुगर १९४. या वेळी दोनदा चालवून बघितली.

सातरस्ता

१९४ खरी असेल तर उत्तम प्रगती आहे. एचबीएवनसी करून घ्यायला सांगा, तीन महिन्यांचं चित्र येईल, एका सकाळवर विसंबायला नको.

काचपट्टी

सांगते डॉक्टर.

माळढोक, एक विनंती आहे. ते चार-चारचे हिरवे घोळके मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत. माझ्याकडे मायक्रोस्कोप आहे, मलेरियासाठी वापरते, १०० ची ऑइल लेन्स चांगली आहे.

माळढोक

नक्की. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत घरी येणारच आहे. साध्या यीस्टची, जीन न बदललेली, रंगवलेली स्लाइड घेऊन येतो. वाचनमात्र, तू पण ये.

वाचनमात्र

येतो दादा. नक्की येतो.

काचपट्टी

नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या दिवशी आमच्या बाजूला रिक्षा मिळत नाही, तो दिवस सोडून या. सकाळी दहाच्या आत पेशंट असतात, अकरानंतर निवांत. लेन्स पुसून ठेवते.